तुम्ही विचारलंत म्हणून: फीडर लावूनही हमिंगबर्ड का येत नाहीत?

उन्हाळ्यात आमच्या न्यू जर्सीच्या घरी कोणी जेवायला आलं की चहा होईपर्यंत हा प्रश्न येतोच. मागच्या डेकवर गप्पा चाललेल्या असतात, लाल फुलांवर एक हमिंगबर्ड येतो, दोन-तीन फुलांत चोच घालतो आणि ‘अगं, तो बघ’ म्हणेपर्यंत दिसेनासा होतो. मग कोणीतरी म्हणतं, “आम्ही दोन वर्षं फीडर लावतोय. आमच्याकडे का नाही येत?” बऱ्याच जणांनी विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मीही सुरुवात फीडरपासूनच, म्हणजे त्यांच्यासाठी गोड पाणी ठेवायच्या टांगत्या भांड्यापासूनच केली होती. आधी दुकानातून लाल रंगाचं तयार पाणी आणलं. मग वाटलं, साखरेपेक्षा मध चांगला, म्हणून मध कालवून ठेवला. पाण्यात कालवलेला मध लवकर आंबतो, त्यात बुरशी धरते आणि ती या पक्ष्यांच्या जिवावर बेतू शकते, हे मला पुढे कळलं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एकही पक्षी फिरकला नाही, याचं आज मला बरंच वाटतं. गूळ आणि ब्राउन शुगरही नको, त्यातलं लोह त्यांना बाधतं. साधी पांढरी साखर एक वाटी, पाणी चार वाट्या, एवढंच पुरे. रंग अजिबात घालू नका. फीडरचं लाल झाकण त्यांना लांबून दिसतं. उन्हाच्या दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी उरलेलं पाणी ओतून फीडर गरम पाण्याने घासून घ्या, पाणी स्वच्छ दिसत असलं तरी.

पण खरं सांगायचं तर आमच्याकडे पक्षी आले ते फीडरमुळे नाही. आले ते फुलांमुळे आणि कोळ्यांमुळे.

अमेरिकेच्या पूर्व भागात हमिंगबर्डची एकच जात घरटी करते, ती म्हणजे रुबी-थ्रोटेड. वजन जेमतेम 3 ग्रॅम. हिवाळा मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत काढतात, आणि वसंतात उत्तरेकडे येताना त्यांच्यातले कित्येक मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. सुमारे 800 किलोमीटर, खाली नुसतं पाणी. आमच्या भागात एप्रिल संपता संपता पहिला नर दिसतो. एवढं उडून आलेल्या जिवाला आपल्या अंगणात काय मिळणार, हा विचार मी आधी केलाच नव्हता. आमच्याकडे होतं कापलेलं हिरवंगार लॉन, आणि त्यावर दर महिन्याला फवारणी.

मग एकेक झाड लावत गेले. लवकर फुलणारं इथलं रानटी कोलंबाइन, कुंपणावर कोरल हनीसकलचा वेल (जपानी हनीसकल आणू नका, तो सगळी बाग गिळतो), जुलैत बी बाम आणि ऑगस्टमध्ये लाल लोबेलिया, ज्याला इथे कार्डिनल फ्लॉवर म्हणतात. या लोबेलियाला ओल लागते. तो मी छपराच्या पाण्याचा पाइप जिथे सुटतो तिथे लावला, आणि तिसऱ्या वर्षी तिथे कमरेइतके लालभडक तुरे उभे राहिले. नर्सरीत भरगच्च पाकळ्यांची देखणी फुलं मिळतात, पण त्यातल्या पुष्कळांत मध नसतोच. लांब नळीसारखं फूल बघून घ्या.

आता कोळ्यांचं. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. एके सकाळी ती केरसुणी घेऊन पोर्चच्या दिव्यामागची जळमटं काढायला निघाली, तेवढ्यात एक मादी तिथे येऊन हवेत थांबली. आईच्या हातापासून चार फुटांवर. तिने जाळ्यात चोच खुपसली, मान इकडून तिकडे फिरवली, गळ्याला तंतू गुंडाळून घेतल्यासारखे केले आणि समोरच्या डॉगवुडच्या फांदीवर गेली. पाच मिनिटांत पुन्हा हजर. आईने केरसुणी भिंतीला टेकवली आणि तिथेच पायरीवर बसली.

त्या फांदीवर अर्ध्या अक्रोडाएवढं घरटं होतं. झाडांचा मऊ कापूस कोळिष्टकाने बांधलेला, बाहेरून दगडफुलासारख्या लायकेनचे तुकडे चिकटवलेले. जवळ जाऊनही ते फांदीची गाठच वाटायचं. कोळ्याचा धागा ताणतो, म्हणून पिल्लं वाढतात तसं घरटंही त्यांच्याबरोबर पसरतं. आत दोन अंडी, पांढऱ्या घेवड्याच्या दाण्याएवढी. नर या कामात कुठेच नसतो. उबवणं, भरवणं सगळं ती एकटी करते. आणि पिल्लं नुसत्या गोड पाण्यावर वाढत नाहीत. त्यांना चिलटं लागतात, बारीक किडे लागतात, लहान कोळी लागतात. त्याच आठवड्यात मी फवारणीवाल्याला फोन करून बंद म्हणून सांगितलं. आज कोणी विचारलं की मी आधी हेच विचारते, तुमच्याकडे फवारणी होते का?

आई मात्र शेवटपर्यंत म्हणत होती, “हा आपला शिंजीरच की गं.” दिसायला तसाच, फुलांवर तसाच, पण नातं लांबचं. शिंजीर चिमणी-कावळ्यांच्या मोठ्या कुळातला, आणि हमिंगबर्डची जवळची भावकी म्हणजे पाकोळी (स्विफ्ट पक्षी). हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतच आढळतात. त्यामुळे पुण्या-सांगलीहून जे विचारतात, ‘गच्चीत फीडर लावला तर येतील का’, त्यांना सांगते, येणार नाहीत. संध्याकाळी फुलांवर भिरभिरताना तुम्ही पाहिलात तो बहुतेक हॉक मॉथ, म्हणजे पतंग. पण शिंजीर तुमच्या दारातच आहे. त्याच्यासाठी अडुळसा लावा, जागा असेल तर पांगारा लावा, आंब्यावरचं सगळंच बांडगूळ छाटू नका. आणि कोपऱ्यातलं एखादं जाळं राहू द्या, कारण त्याचं लोंबतं घरटंही कोळिष्टकानेच विणलेलं असतं.

फीडर आम्ही अजूनही लावतो. दोन लावतो, एकावरून दुसरा दिसणार नाही असे, कारण एक नर बाकीच्या सगळ्यांना हुसकावून लावतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्याचा गळा दिसतो. सावलीत काळा. मान वळली आणि ऊन पडलं की विस्तवासारखा पेटतो, कारण तो लाल रंग पिसांच्या रचनेतून येतो, प्रकाशाचा कोन जुळला तरच दिसतो. चहा उकळून उतू गेलाय माझा कितीदा तरी.

शेवटी एक, जे दर सप्टेंबरला विचारलं जातं: फीडर ठेवला तर ते थंडीत इथेच अडकतील का? नाही. दिवस लहान होऊ लागले की त्यांना निघायची ओढ लागतेच. नर आधी जातात, मग माद्या, मग त्याच वर्षीची पिल्लं. त्यांना वाट दाखवायला बरोबर कोणी नसतं, आणि तरीही ती जातात. शेवटचा पक्षी दिसला की मी कॅलेंडरवर तारीख लिहिते आणि पुढे दोन आठवडे फीडर भरत राहते. वरून, कॅनडाकडून, एखादं मागे राहिलेलं पिल्लू यायचं असतं.