मामांची गोळी आणि सरांचा थर्मामीटर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा शाळेचा निरोप आला आणि त्याच रात्री लिहायला बसलो. मैदान, स्नेहसंमेलनं, खो-खोचा संघ यांवर कुणीतरी लिहीलच. मी लिहिणार ते फक्त आपल्या विज्ञानाच्या सरांवर. नाव सांगायची गरज नाही. जुन्या इमारतीच्या टोकाची प्रयोगशाळा म्हटलं की ज्यांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो, ते सर.

नववीत असताना सरांनी आम्हाला पंचगंगेकाठच्या एका गुऱ्हाळावर नेलं होतं. कोल्हापूरच्या पोरांना गुऱ्हाळाचं काय नवल? रस प्यायचा, गरम काकवी चाटायची आणि घरी यायचं. सरांनी मात्र शबनममध्ये कापसात गुंडाळून शाळेचा थर्मामीटर आणला होता. चुलवाणात चिपाडं पडत होती, भेंडीच्या चिकानं वर आलेली मळी काढून झाली होती. सरांनी थर्मामीटर काठीला बांधून काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, सोडला आणि आम्हाला वहीत आकडे लिहायला लावले. पाणी १०० अंशांना उकळतं हे पाठ होतं, आणि इथं तर पारा १०२, १०४ असा चढतच निघाला. "पाणी उडून चाललंय, साखर दाट होतेय, म्हणून उकळायला जास्त तापावं लागतंय," सर वाफेतून ओरडून सांगत होते. काकवीची वेळ १०५-१०६ ला येऊन गेली. ११० ला थर्मामीटरच्या खुणा संपल्या. सरांनी तो झटकन वर ओढला.

गूळ शिजवणारे गुळव्या मामा म्हणाले, "मास्तर, तुमची काडी सरली, पर माझा गूळ न्हाई झाला अजून."

मग मामांनी काहिलीतला थेंब थाळीतल्या गार पाण्यात सोडला आणि बोटांनी चाचपला. तो नुसताच पसरला. थोड्या वेळानं पुन्हा एक थेंब. यावेळी त्याची गोळी वळली, मामांनी ती थाळीच्या काठावर आपटली आणि गडी काहील उतरवायला धावले. सर तिथंच उकिडवे बसले, वही मांडीवर घेतली आणि म्हणाले, "मामा, कच्ची गोळी आणि पक्की गोळी पोरांच्या हातात द्या. फरक कशावरून ओळखता, तेवढं सांगा." एमेस्सी झालेले सर गुळव्याच्या पुढ्यात विद्यार्थी होऊन बसलेत, हे मी आजही जसंच्या तसं बघू शकतो. पुढं सरांनी एका कॉलेजातून ३६० अंशांचा थर्मामीटर मागून आणला, पुन्हा गुऱ्हाळावर गेले आणि सोमवारी फळ्यावर लिहिलं, 'मामांची गोळी = ११८ अंश.'

मला विज्ञान समजलं ते त्या एका ओळीनं. मामांचं बोट खरं आणि थर्मामीटरही खरा, फक्त दोघांची गाठ घालून द्यायला कुणीतरी लागतं.

आज मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीची टेस्टिंग लॅब सांभाळतो. आमचं वितळलेलं लोखंड १४०० अंशांच्या आसपासचं. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, बुडवला की काही सेकंदांत पडद्यावर आकडा येतो. नवीन इंजिनिअर आकड्यावर विश्वास ठेवतो, जुना भट्टीवाला लोखंडाच्या रंगावर. दोघांचं जुळलं नाही की मी ओतकाम थांबवतो आणि सरांचाच प्रश्न विचारतो, "कशावरून?" कधी तार खराब निघते, कधी नजर फसलेली असते. कारखान्यात माझं थोडंफार नाव आहे ते या प्रश्नामुळं, हे मी मोकळेपणानं सांगतो.

पावसाळ्यात सर पेपरातली पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आमच्याकडून आलेख कागदावर काढून घ्यायचे. ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका, या दोन आडव्या रेषा आधीच लाल पेन्सिलीनं मारलेल्या. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा व्हॉट्सॲपवर कुठले कुठले जुने व्हिडिओ फिरत होते आणि माणसं रात्रभर घाबरून बसली होती. आमच्या बॅचचे आम्ही चौघे-पाचजण मात्र बंधाऱ्याची पातळी दर तासाला लिहीत होतो आणि गल्लीला सांगत होतो. फोन चांगलाच आहे. सरांच्या काळात असता तर काहिलीतले बुडबुडे सरांनी स्लो मोशनमध्ये दाखवून वर्ग वेडा केला असता.

परवा माझ्या मुलाला विचारलं, अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं थेट देवीवर पडतात तो सोहळा, वर्षातून दोनदा का? त्यानं फोनला विचारून लगेच उत्तर दिलं, आणि ते बरोबरही होतं. पण मला त्याला गच्चीवर न्यायचं होतं. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला सरकता सरकता महाद्वाराच्या रेषेत येतो, २१-२२ डिसेंबरला मागं फिरतो आणि जानेवारीच्या अखेरीला त्याच वाटेनं परततो. दोन्ही खेपा त्या तारखेपासून साधारण सारख्याच अंतरावर, चाळीसेक दिवसांच्या. आता तो रोज मावळतीला कठड्यावर खडूची खूण करतो. फोनमधलं उत्तर त्याला जेवढं आवडलं नव्हतं, तेवढ्या त्या खुणा आवडल्यात.

मागच्या वर्षी शाळेत आलो होतो. प्रत्येक वर्गात स्मार्ट बोर्ड आहे, त्याचा अभिमान वाटला. प्रयोगशाळेला कुलूप होतं, प्रयोग बोर्डावरच दाखवतात म्हणे. सहल वॉटर पार्कला जाते. याचं फार वाईट वाटलं, आणि स्मरणिकेत लिहू नये असं वाटूनही लिहितोय. बोर्डावर गूळ होताना दिसेल, पण गोळी बोटाला कशी लागते ते कळणार नाही.

म्हणून मुख्याध्यापकांना विनंती. ३६० अंशांचे सहा थर्मामीटर मी शाळेकडे पाठवतो आहे. गुऱ्हाळं आता कमी झालीत, पण कागलच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळमालकाशी माझं बोलणं झालंय. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की नववीच्या मुलामुलींना घेऊन चला. गाडीचा खर्च आमची बॅच करेल, आणि त्या दिवशी मी रजा काढून येतो.