आमची वाटचाल : वेरावळचे माकूल, बडोद्याचे दुकान

बडोद्यात मासळीचा धंदा करायचा म्हटले की पहिली अडचण जागेची येते. २०१२ साली मी आणि माझे धाकटे बंधू दांडिया बाजारच्या परिसरात गाळा शोधू लागलो, तेव्हा ‘नॉनव्हेज नको’ एवढे बोलून सहा मालकांनी फोन ठेवला. शेवटी ज्या गुजराती आजोबांनी जागा दिली त्यांची अट एकच होती, की वास रस्त्यावर येता कामा नये. या अटीनेच आमच्या धंद्याची दिशा ठरवली, कारण ओली मासळी सोडून आम्ही उणे १८ अंशांवर गोठवलेला मालच ठेवू लागलो.

आमचे पणजोबा गायकवाडी अमलात रत्नागिरीकडून चाकरीसाठी येथे आले आणि घरात माकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, कालवणाची चव तेवढी मागे राहिली. बडोदे शहर समुद्रापासून दूर असले तरी संस्थानाला किनारा होता, हे आज अनेकांच्या ध्यानात नसते. ओखामंडळ आणि कोडिनार गायकवाडांकडे होते, आणि ओखामंडळच्या सागरी जीवसृष्टीचा अभ्यास सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून करवून घेतला होता. त्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली निघाला.

माल घेण्यासाठी वेरावळ बंदरात पहिल्यांदा उभा राहिलो ती पहाट मला अजून आठवते. ट्रॉलर तळाशी जाळे ओढत नेतो आणि जे सापडेल ते घेऊन येतो, त्यामुळे ढिगात वाकटी, राणी मासा, कोळंबी, खेकडे यांच्यासोबत माकूल मिसळलेले होते. निवडणाऱ्या बाईंनी एक माकूल माझ्या हातावर ठेवले. ते मेलेले होते, तरी त्याच्या कातडीवरचे तांबूस ठिपके उघडमीट करीत होते. रंग बदलणाऱ्या त्या पेशी मरणानंतरही काही काळ आकसत-पसरत राहतात, हे मला पुढे समजले. त्याच ढिगात बोटाएवढी पिल्लेही होती. बहुतेक माकुलांचे आयुष्य जेमतेम वर्षभराचे असते, म्हणजे अंडी घालण्याआधीच जाळ्यात आलेल्या पिल्लाला दुसरा हंगाम नाही, हा हिशेब मी तेथेच केला आणि ठरावीक आकाराखालचा माल घ्यायचा नाही असे ठरवले. बंधूंना तो निर्णय बरीच वर्षे पटला नाही. त्यांचे म्हणणे, आपण घेतला नाही तर दुसरा घेईल, आणि ते खोटेही नव्हते.

दुसऱ्या वर्षी एका पुरवठादाराने पांढरेशुभ्र, टपोरे माकूल स्वस्तात दिले. ते तव्यावर पडताच पाणी सोडून निम्मे झाले, कारण वजन वाढावे म्हणून ते द्रावणात मुरवलेले होते. गिऱ्हाइकांचे पैसे आम्ही परत केले, पुरवठादाराने मात्र आमचे दिले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक खेपेतला एक नग बंधू बिनतेलाच्या तव्यावर टाकून पाहतात आणि मगच पेटी उतरते.

काउंटरवर शिकवण्याचे कामच जास्त असते. माकूल साफ करताना पाठीतून पारदर्शक, पिसासारखी पट्टी निघते आणि निदान दहांतल्या तीन काकू तरी ‘यात प्लास्टिक आहे’ म्हणून पिशवी घेऊन परत येतात. ते त्या प्राण्याचे उरलेसुरले कवच असते. त्याच्याच नात्यातल्या कटलफिशमध्ये त्या जागी जो पांढरा, हलका पाटा असतो, तोच काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेन. शिजवण्याचा नियम आम्ही वेष्टनावरच छापला आहे : दोन मिनिटे किंवा चाळीस मिनिटे, मधले काही नाही, मधल्या वेळात मांस रबरासारखे होते. ऑक्टोपस मात्र गोठवल्याने उलट मऊ होतो, त्यामुळे ‘फ्रोजन म्हणजे शिळे’ असे म्हणणाऱ्यांशी मी याच एका मुद्द्यावर निवांतपणे वाद घालतो.

ऑक्टोपस आम्ही हॉटेलांच्या मागणीवरच आणतो, तोही नाखुशीने. तीन हृदये आणि निळे रक्त असलेल्या या प्राण्याची मादी अंड्यांची राखण करताना काही खात नाही आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते, आणि तळ खरवडणारे जाळे अशी मादी ओळखत नाही. पकडण्याच्या इतर रीती आहेत. लक्षद्वीपात ओहोटीच्या वेळी प्रवाळावर चालत तो भाल्याने धरतात. जपानमध्ये मातीची मडकी दोरीला बांधून तळाशी सोडतात आणि आडोसा शोधणारा ऑक्टोपस आमिषाविनाही त्यांत शिरून बसतो. माकुलासाठी रात्री दिवे लावून गळ टाकतात. तीही रीत अतिरेकाला गेली की घातकच ठरते, म्हणून आपल्याकडे एलईडीच्या झोतात होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली.

पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते तेव्हा आम्ही साठ्यातला माल संपवतो आणि नवा घेत नाही. जुलैत एक फ्रीजर रिकामा करून धुऊन ठेवतो. भाडे न्यायला आलेले आजोबा त्या दिवसांतही दारात थांबून आधी नाक वर करतात, मग आत येऊन आपल्या लव्हबर्डांच्या पिंजऱ्यासाठी समुद्रफेनाचा एक तुकडा कागदात गुंडाळून मागतात.