पहाटे साडेपाचच्या आधी येणारा बग

"चालत नाहीये." एवढाच मेसेज, आणि खाली मॉनिटरचा मोबाईलने तिरका काढलेला फोटो, त्याच्यावर ट्यूबलाईटची चमक. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला हे रोजचंच आहे आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग येत नाही, डेअरीवर मागे रांग लागलेली असताना तो माणूस काय निबंध लिहून पाठवणार का. राग येतो तो आपल्या बाजूने जाणाऱ्या उत्तराचा, "माझ्याकडे तर चालतंय". अरे तुझ्याकडे चालतंय, पण तू नाशिकला एसीत बसून सकाळी अकराला चालवतोयस, तो तिकडे सिन्नरच्या बाजूला गावात पहाटे पाचला चालवतोय, फरक पडणारच ना!

आणि पडलाच. दूध संकलनाचं सॉफ्टवेअर आहे आमचं. तक्रार अशी की एखाद्या सभासदाचं सकाळचं दूध कधीकधी एकाच तारखेला दोनदा पडतं आणि पुढचा दिवस रिकामा राहतो. टीममध्ये लगेच निकाल लागला की ऑपरेटरने बटण दोनदा दाबलं असणार. ऑफिसमध्ये दिवसभर एंट्र्या मारून बघितल्या, एकदाही झालं नाही, त्यामुळे तो निकाल सगळ्यांना आणखीच पटला.

मला नाही पटला, कारण दोन्ही एंट्र्यांचं फॅट वेगळं, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) वेगळं, लिटरही वेगळे. दोनदा बटण दाबलं तर आकडे सारखे यायला हवेत. मग बिघडलेल्या तेवढ्या एंट्र्या बाजूला काढल्या आणि त्या किती वाजता पडल्या तेवढंच बघितलं. पाच दहा, पाच बावीस, चार पन्नास. साडेपाचच्या नंतरची एकही नाही. केंद्रावर फोन लावला तर ऑपरेटर लगेच म्हणाला, "हो सर, जे लवकर येतात ना त्यांचंच होतं असं." त्याला माहीतच होतं हो! कोणी विचारलंच नव्हतं त्याला.

साडेपाच म्हटल्यावर ट्यूब पेटली. भारताची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेच्या, साडेपाच तास पुढे. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत आजची तारीख काढायला बरेच जण टू-आयएसओ-स्ट्रिंग (toISOString) हे तयार फंक्शन वापरतात आणि पहिली दहा अक्षरं, म्हणजे तारखेचा भाग, कापून घेतात, नेटवर ठिकठिकाणी हाच उपाय मिळतो. पण ते फंक्शन यूटीसीची तारीख देतं, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाच ते कालचीच तारीख सांगतं. जो माणूस काल पावणेसहाला आला आणि आज पाच वाजता आला, त्याचं दोन्ही दिवसांचं दूध कालच्या तारखेत. कॉम्प्युटरचं घड्याळ पाच वाजून पाच मिनिटांवर नेलं, एंट्री मारली, झालं लगेच. आता स्थानिक वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे काढून तारीख बनवतो, संपला विषय. पण आयटीतला माणूस साडेपाचच्या आधी उठून आपलं सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि दूधवाला, भाजीवाला, पेपरवाला सगळे तेव्हाच कामाला लागलेले असतात. हे मला फार लागलं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

दुसरा बग तर डोळ्यांनी दिसतच नाही. बोऱ्हाडे आडनावाचा सभासद सर्चमध्ये सापडत नाही, यादीत मात्र समोर दिसतोय. ऑपरेटर बिचारा नवीन खातं काढतो, आणि मग दूध दोन खात्यांत विभागलं जाऊन दुधाचा दहा दिवसांचा पगार कमी आल्यासारखा वाटतो, त्यावरून भांडणं. इथेही फोटो काही कामाचा नाही, कारण फोटोत दोन्ही नावं एकसारखीच दिसतात. मी नाव कॉपी करून पाठवायला सांगितलं आणि दोन्हीची लांबी मोजली. एक आठ, दुसरं नऊ.

बोऱ्हाडे आणि बोर्‍हाडे, बहुतेक फॉन्टमध्ये तुम्हाला यात काही फरक दिसणार नाही. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला नंबर देणारी पद्धत) नंबर ०९३१, पुढे हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी खूण. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं जोडचिन्ह, जे स्क्रीनवर जागाच घेत नाही. कीबोर्ड बदलला की यातलं कुठलंही येऊ शकतं. र खाली नुक्ता (टिंब) देऊन लिहिलेला तिसरा प्रकारही आहे, पण तो युनिकोडच्या नॉर्मलायझेशनमध्ये, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे प्रकार एकसारखे करण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, पहिल्यासारखा होऊन जातो. जॉइनरवाला होत नाही, त्याला आपणच हात लावावा लागतो.

आणि तो सरसकट उडवायचा नाही बरं का. एकाने सुचवलं होतं की न दिसणारी अक्षरं सगळी काढून टाकू, तसं केलं तर र चा रफार होऊन ह च्या डोक्यावर जाऊन बसतो आणि माणसाचं आडनावच बिघडतं. र, हलन्त, जॉइनर ही तिकडी जिथे सापडेल तिथे ऱ आणि हलन्त टाकायचं, सेव्ह करतानाही आणि सर्च करतानाही. जुना डेटा पण एकदा धुऊन घ्यायचा, नाहीतर तीच भांडणं पुढच्या महिन्यात परत.

तेव्हापासून तक्रार आली की मी आधी किती वाजता झालं ते विचारतो, मग मजकूर कॉपी करून मागतो, कोड त्यानंतर उघडतो. मराठी नावांवर काम करणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे, तुमच्या टेस्ट डेटात (सॉफ्टवेअर तपासायला वापरतो त्या माहितीत) बोऱ्हाडे, कऱ्हाडे, गोऱ्हे ही नावं दोन्ही प्रकारे टाईप करून टाका आणि एक टेस्ट पहाटे पाचच्या घड्याळावर चालवा. काही अडलं तर मला विचारा, ती तिकडी बदलणारी ओळ मी देतो.