जिन्याखालची डार्करूम आणि सर

स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं तेव्हा गॅदरिंग, निकाल, मैदान असं बरंच आठवलं, पण खरं सांगू, मला फक्त आपल्या फोटोग्राफीच्या सरांबद्दल लिहायचंय.

सरांनी कॅमेरा नंतर हातात दिला, आधी रीळ भरायला शिकवलं, म्हणजे फिल्म धुण्याआधी ती खाचांच्या चक्रावर गुंडाळायला. वाया गेलेला रोल घ्यायचा, आधी उजेडात, मग डोळे मिटून, आणि ते जमलं की मगच अंधारात. लाल दिवा प्रिंटच्या कागदाला चालतो, आमच्या फिल्मला तोही नाही, त्यामुळे सगळा भरवसा बोटांवर. टोक सरळ कापायचं, कोपरे किंचित गोल करायचे, फिल्म फक्त कडांना धरायची, रिळाच्या तोंडाशी चाचपून टोक आत सरकवायचं आणि मग दोन्ही बाजू आळीपाळीने पुढे-मागे फिरवत राहायचं. ३६ फोटोंची फिल्म दीड मीटरहून लांब असते! सर अंधारात नुसत्या आवाजावरून सांगायचे, "थांब, अडकतंय."

एकदा क्रीडास्पर्धांचा रोल अर्ध्यातच अडकला. रीळ नीट वाळलं नव्हतं, आणि ओल लागली की फिल्म चिकटते, पुढेही जात नाही. आम्ही सगळे घाबरलो, कोणीतरी ओढायला लागला तर सर शांतपणे म्हणाले, "जोर लावू नका, दिवा कोणी लावायचा नाही." ओढलं की फिल्मला चंद्रकोरीसारखी घडी पडते, ती निगेटिव्हवर कायमची राहते, आणि वेढे एकमेकांना चिकटले तर तिथे डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, पोचतच नाही. सरांनी अंधारातच रीळ पिळून दोन भाग वेगळे केले, फिल्म सोडवली, सैल गुंडाळून फिल्म धुण्याच्या, झाकण लावलं की उजेड न शिरणाऱ्या टाकीत ठेवली, मधली नळी घातली, झाकण लावलं, मग दिवा. सगळ्यांनी हात पुसा म्हणाले, कोरडं रीळ काढलं, परत अंधार, परत पहिल्यापासून. एक शब्द रागाचा नाही. रोल स्वच्छ निघाला, रिले शर्यतीचा तो ऑफिसातला फोटो त्यातलाच.

आज माझा स्वतःचा स्टुडिओ आहे, काम सगळं डिजिटल, तरी हाताखालच्या पोरांना मी आधी रीळच भरायला लावतो आणि मोठी माणसं येऊन कामाचं कौतुक करतात तेव्हा ते सरांचंच आहे असं वाटतं. असे शिक्षक आता नाहीत. डार्करूमची आता अडगळीची खोली झालीय असं ऐकलं, फार वाईट वाटलं.

ती टाकी आणि रिळं कपाटात असतील तर कृपया टाकून देऊ नका. मुलांना शिकवायला मी कधीही येईन, फिल्म आणि केमिकल माझ्याकडून.