कूलर देणारे पुष्कळ, ताट्या बदलणार कोण?

नागपूरकराला देणं शिकवावं लागत नाही. गणपतीची वर्गणी असो, उन्हाळ्यातल्या पाणपोया असोत की धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर होणारं भोजनदान, माणसं आपणहून पुढे येतात. अडचण येते ती सण सरल्यावर. आपल्याच भागातल्या लोकांचा पैसा एका जागी ठेवून त्याच भागासाठी वर्षानुवर्षं वापरायचा, हे कम्युनिटी फाउंडेशनचं काम. ते चालवू बघणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

वस्तीतली अभ्यासिका घ्या. एप्रिलात कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ कूलर देतो, त्यावर नाव रंगवलं जातं, फोटो निघतो. पुढच्या मार्चपर्यंत ताटीतलं, म्हणजे कूलरच्या बाजूच्या जाळीतलं, वुडवूल (लाकडाचा कीस) बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी दगडासारखं झालेलं असतं, पंपात गाळ अडकलेला असतो आणि टाकीचा तळ गंजलेला. ४५ अंशांत पोरं पंख्याखाली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, कूलर कोपऱ्यात उभा. नव्या ताट्या, पंप, वीजबिल, रोज सकाळी कुलूप उघडणाऱ्या ताईंचं मानधन, यांपैकी कशावरच कोणाचं नाव रंगवता येत नाही, म्हणून त्यासाठी देणगीही येत नाही. फाउंडेशनने पहिला हात इथेच घालावा. कोणतीही वस्तू घेताना तिचा तीन वर्षांचा चालवण्याचा खर्च दात्यासमोर लिहून काढावा आणि तेवढी रक्कम सोबत मागावी. दाते सहसा नाराज होत नाहीत; त्यांना तो खर्च कोणी सांगितलेलाच नसतो.

आता कायम निधी, ज्याला सगळे कॉर्पस म्हणतात. समजा २० लाख जमले आणि एफडीवर ७ टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला १,४०,००० रुपये. करसवलत टिकवायची तर उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम धर्मादाय कामावर खर्च व्हावी लागते, त्यामुळे सहज मागे ठेवता येतात ते २१,०००. त्याहून जास्त ठेवायचं तर हेतू आणि मुदत लिहून द्यावी लागते. महागाई मात्र २१ हजारांवर थांबत नाही. म्हणून ‘एकदा कॉर्पस झाला की चिंता मिटली’ हा समज सोडा आणि दरवर्षी कॉर्पससाठी थोडी नवी देणगी मागत राहा. ती कॉर्पससाठीच आहे असं दात्याचं लेखी पत्र हवं, नाहीतर ती साध्या उत्पन्नात धरली जाते. आणि जास्त व्याज मिळतं म्हणून ओळखीच्या पतसंस्थेत ठेव ठेवू नका. कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीत ती बसत नाही आणि करसवलत धोक्यात येते. दुसऱ्या ट्रस्टला पैसे देताना हेही ध्यानात असू द्या, की दिलेल्या रकमेपैकी ८५ टक्केच तुमचा खर्च म्हणून धरली जाते.

देणगीपत्रातली भाषा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला संपत्ती दिली आणि तिच्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. हेतू इतका रुंद होता, की पिढ्या बदलल्या तरी तो जुना झाला नाही. उलट ‘अमुक शाळेच्या सातवीतल्या पहिल्या मुलाला’ असं लिहिलं आणि उद्या शाळाच बंद पडली, तर पैसा अडकतो. तो सोडवायला न्यायालयाची पायरी चढावी लागते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये १९१४ साली फ्रेडरिक गॉफ या बँकरने पहिलं कम्युनिटी फाउंडेशन काढलं ते अशाच अडकलेल्या पैशांवर तोडगा म्हणून. पत्रात एक वाक्य घालून घ्या: ‘हा हेतू शक्य न राहिल्यास विश्वस्तांनी ठरावाने याच भागातील शिक्षणासाठी रक्कम वापरावी.’

तातडीचा निधी वेगळा ठेवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अशा वेळी जेवणाची पाकिटं पहिल्या दिवसापासून येतात. दहा दिवसांनी लागतं ते वेगळंच: शिलाई मशीनची मोटर, भिजलेली पुस्तकं, गाद्या, कागदपत्रांच्या नकला काढायला रिक्षाभाडं. दोन विश्वस्तांच्या सहीने, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, २४ तासांत पैसे देता येतील असा ठराव पावसाळ्याआधीच करून ठेवा. पाणी घरात असताना बैठकीचा कोरम जमत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल करा. तो राहून गेला, की पुढे भांडणात ‘खरे विश्वस्त कोण’ इथूनच सुरुवात होते आणि बँक खातं गोठतं. २,००० रुपयांवरची रोख देणगी दात्याच्या आयकर सवलतीत (८०जी) धरली जात नाही, हे पावती फाडण्याआधी सांगा. दात्याचा पॅन त्याच क्षणी लिहून घ्या, कारण देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत भरायचं असतं आणि मे महिन्यात फोन उचलायला कोणी घरी नसतं. परदेशातल्या मुलामुलींचे पैसे घेण्याआधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललेल्याची, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती घेता येत नाही.

मदतीचा अर्ज एका पानाचा ठेवा, मराठीत आणि हिंदीतही. अर्ज करणाऱ्याकडे संध्याकाळी सातनंतर जा, दिवसा घरी आजी आणि लहान मुलंच भेटतात. विश्वस्तांमध्ये ज्या वस्तीला पैसा जातो तिथले निदान दोघे हवेत, आणि त्यांच्या सोयीच्या वेळी बैठक हवी. नातलगाच्या अर्जावर विश्वस्ताने खोलीबाहेर जावं, आणि तो गेला होता हे इतिवृत्तात लिहिलेलं असावं.

दर तीन महिन्यांनी हिशेब अभ्यासिकेच्या फळ्यावर लावा, नाकारलेले अर्ज नावांशिवाय आणि कारणासह. त्यात ‘ताट्या तीन, पंप एक, बसवण्याची मजुरी’ ही ओळही रकमेसकट असू द्या. पोरं ती वाचतात, आणि घरी जाऊन सांगतात.