आंदणात दिलेला किल्ला

सिद्धेश्वर तलावाच्या काठाने जाताना आपला सोलापूरचा भुईकोट रोजच दिसतो. आज मात्र त्याच्याकडे बघताना सारखी चांदबिबी आठवत होती. १५९५ मध्ये मोगलांच्या वेढ्यात अहमदनगर लढवणारी, तटाला पडलेलं खिंडार रातोरात बुजवून घेणारी, ती नव्हे. तिच्या तीसेक वर्षं आधीची, चौदा-पंधरा वर्षांची नवरी.

१५६४ च्या सुमारास तिच्या बापाने, नगरच्या हुसेन निजामशहाने, तिला विजापूरच्या अली आदिलशहाला दिलं. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दोघांना एक व्हायचं होतं आणि आड येत होता दोघांनाही हवा असलेला हा सोलापूरचा किल्ला. हुसेनने तो लेकीला आंदण देऊन टाकला. त्याच बोलणीत अलीची बहीण हदिया सुलताना हुसेनच्या मुलाला, मुर्तझाला, दिली गेली. सरळ साटंलोटं! जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटला रामराया पडला. ज्यासाठी सोयरीक जुळवली ते काम फत्ते झालं. पोरींचा संसार मात्र तेव्हा कुठे मांडला जात होता.

हाच किल्ला आधीही एका लग्नात अडकला होता, आणि मला त्याचं जास्त वाईट वाटतं. १५२४ मध्ये आदिलशाही घराण्यातली मरियम नगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. आंदण ठरलं सोलापूरचं. लग्न लागलं, पण तिच्या भावाने, इस्माईल आदिलशहाने, किल्ला दिलाच नाही. बुऱ्हाण फौज घेऊन चालून गेला. माहेरची आणि सासरची माणसं एकमेकांना कापत होती, आणि कारण काय, तर हिचं आंदण. सासरी तिला काय काय ऐकावं लागलं असेल! चांदबिबी त्याच बुऱ्हाणची नात. घरातली ही जुनी गोष्ट तिच्या कानावर आली नसेल असं मला वाटत नाही.

१५८० मध्ये अलीचा खून झाला. मूलबाळ नव्हतं. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला आणि त्याला सांभाळायची जबाबदारी चांदबिबीवर आली. विजापूरच्याच किश्वरखान या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेतही टाकलं. त्यातून ती सुटली, पुन्हा उभी राहिली. या बाईच्या धीराबद्दल मला अपार आदर आहे.

आणि तरीही एक गोष्ट गळ्याखाली उतरत नाही. १५८४ मध्ये ती विजापूरहून नगरला आली ती इब्राहिमच्या बहिणीला, खदीजाला, सोबत घेऊन. तिला मुर्तझाच्या मुलाला, मिरान हुसेनला, द्यायचं होतं. कारण तेच, दोन गाद्यांमधली दोस्ती. स्वतः ज्या वाटेने गेली त्याच वाटेने ती आणखी एका पोरीला उलट्या दिशेने घेऊन आली. १५८८ मध्ये त्या मिरानने सख्ख्या बापाला मारलं, आणि पुढच्याच वर्षी त्याचाही खून झाला. चांदबिबीला नवऱ्याची सोबत पंधरा-सोळा वर्षं तरी लाभली होती. खदीजाला पाचच.