टाहोचा स्नोबोर्ड वीकेंड : आठ तासांसाठीची तयारी

शुक्रवारी दुपारी चारला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून निघायचं, टाहो सरोवराभोवतीच्या डोंगरांत स्नोबोर्डिंग करायचं आणि रविवारी रात्री दहापर्यंत घरी यायचं. बोटांवर मोजलं तर ५४ तास होतात, पण त्यावर जाऊ नका. डोंगरावर चढवणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्ट सकाळी साडेआठ-नऊला सुरू होतात आणि चारला बंद. पहिल्यांदाच बोर्डवर उभं राहणाऱ्याचे पाय दिवसाला चारेक तासांत संपतात. म्हणजे नवशिक्याला दोन दिवसांत बर्फावरचे तास मिळतात आठ. बाकीचे सगळे रस्ता, रांगा, बूट आणि जेवणखाण यांत जातात. आमच्या पाचजणांत दोघं सरावलेले, तिघं कोरे. ते आठ तास कुठं गळतात, हे पाहूनच सगळी आखणी केली.

पहिला प्रश्न रिसॉर्ट कुठलं, आणि तो खरं म्हणजे रस्ता कुठला असा असतो. टाहो सरोवराच्या दक्षिणेला हेवनली, तिथं हायवे ५० नं एको समिट या घाटावरून जावं लागतं. वर चढताना हा रस्ता अरुंद होतो आणि एक गाडी अडली की सगळ्या अडतात. उत्तरेला नॉर्थस्टार, पॅलिसेड्स, बोरियल. तिथं आय-८० हायवेनं जायचं. १९६०चं हिवाळी ऑलिंपिक झालं ते पॅलिसेड्समध्येच. २०२१ पर्यंत त्याचं नाव स्क्वॉ व्हॅली होतं. डोंगर अफाट आहे, पण ट्रकी गावाहून तिथं जाणारा ८९ नंबरचा रस्ता शनिवारी सकाळी तुंबतो. तीन नवशिके बरोबर असताना एवढा मोठा डोंगर घेऊन करायचं काय? बोरियल लहान आहे, पण आय-८० ला अगदी लागून, डॉनर समिटपाशी. एक्झिट घेतली की पार्किंग. शनिवार तिथं काढला. रविवारी सरावलेले दोघं नॉर्थस्टारला गेले आणि नवशिके बोरियललाच राहिले; त्यासाठी दोन गाड्या नेल्या होत्या.

तिकिटं खिडकीवर घेऊ नयेत. मोठ्या रिसॉर्टांत गर्दीच्या दिवशी एका दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या वर जातं. तेच आधी ऑनलाइन घेतलं तर बरंच स्वस्त पडतं. नवशिक्यांनी नुसतं तिकीट न घेता शिकवणी आणि खालच्या लिफ्टा असं एकत्र पॅकेज घ्यावं. काही ठिकाणी शनिवार-रविवारी पार्किंगसुद्धा आधी आरक्षित करावं लागतं. ते विसरलं तर तिकीट हातात असून गाडी लावायला जागा नाही. जानेवारीतला मार्टिन लूथर किंगचा आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा जोडून सुट्टीचा वीकेंड आम्ही ठरवून टाळला.

चेन

या सहलीत सर्वात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायची चेन, आणि ती लोक सर्वात शेवटी विकत घेतात. वर बर्फ पडायला लागला की कॅलट्रान्स, म्हणजे कॅलिफोर्नियाचं रस्ते खातं, चेन कंट्रोल लावतं. त्याचे तीन टप्पे. आर-१ म्हणजे चेन हवीच. फक्त ६,००० पौंडांखालच्या गाडीच्या चालत्या चाकांना (इंजिन ज्यांना फिरवतं ती) बर्फाचे टायर असतील तर सूट. आर-२ मध्ये सूट फक्त फोर व्हील किंवा ऑल व्हील ड्राइव्हला, आणि तीही चारही टायर बर्फाचे असतील तर. आर-३ म्हणजे कुणालाच सूट नाही. तोवर बहुतेक वेळा रस्ताच बंद करतात. बर्फाचा म्हणून चालणाऱ्या टायरच्या कडेवर ‘एम+एस’ (मड अँड स्नो) असं लिहिलेलं असतं, ते घरीच बघून ठेवा. आणि सूट मिळालेल्या गाडीतसुद्धा चेन सोबत असावीच लागते. ‘आमची ऑल व्हील आहे’ म्हणून रिकाम्या डिकीनं निघणाऱ्यांना तपासणीच्या ठिकाणाहून परत पाठवलं जातं.

चेन टायरच्या मापाची लागते. माप टायरवरच असतं, उदाहरणार्थ २१५/५५ आर १७. गाडीचं मॅन्युअलही उघडून पाहा. अनेक सेडानमध्ये टायर आणि आतल्या भागांमधली जागा इतकी कमी असते की तिथं फक्त बारीक, केबलची चेन चालते. जाड कड्यांची लावली तर ब्रेकची नळी किंवा एबीएसची वायर तुटू शकते. भाड्याची गाडी असेल तर करार वाचा, काहींमध्ये चेन लावायलाच मनाई असते.

आम्ही बुधवारी संध्याकाळी ड्राइव्हवेत दोनदा चेन लावून काढली. पहिल्यांदा २५ मिनिटं लागली, दुसऱ्यांदा नऊ. क्रम असा: चेन जमिनीवर पसरून गुंता सोडवायचा. हुकांची उघडी तोंडं टायरकडे न येता बाहेर राहिली पाहिजेत, नाहीतर ती टायरच घासतात. चालत्या चाकावर चेन टाकायची. फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या चाकांवर, हे न सांगताही मागे लावणारे भेटतातच. आधी चाकामागचा, आतल्या बाजूचा हुक अडकवायचा, कारण तो नंतर हाताला लागत नाही. मग बाहेरचा, शक्य तितका ताणून. त्यावर रबराचा ताणपट्टा. मग शंभरेक फूट गाडी चालवून थांबायचं आणि पुन्हा ताणायचं. हे दुसऱ्यांदा ताणणं लोक टाळतात आणि दहा मैलांवर सुटलेलं टोक मडगार्डवर आपटायला लागतं. चेन असताना वेगाची मर्यादा ताशी २५ ते ३० मैल. कोरडा रस्ता लागला की ठरवून दिलेल्या जागी बाजूला घेऊन काढून टाकायची. चालत्या लेनमध्ये थांबायचं नाही.

चेनच्या पिशवीत आणखी चार गोष्टी ठेवा: भांडी घासायचे रबरी हातमोजे, डोक्याला लावायचा दिवा, गुडघे टेकायला जुनं पायपुसणं आणि ओली चेन भरायला कचऱ्याची जाड पिशवी. लोकरीच्या हातमोज्यांनी चेन लावली तर ते भिजतात आणि दुसऱ्या दिवशी बोर्डिंगला कामाचे राहत नाहीत. रस्त्याकडेला परवानाधारक चेन लावून देणारे असतात, पण ते चेन विकत नाहीत, फक्त लावतात. वादळात त्यांच्याकडेही रांग.

पेट्रोल चढाआधीच्या ऑबर्न गावात भरलं. वर रस्ता अडवला तर दोन-तीन तास जागेवर हीटर चालू ठेवून बसावं लागतं, तेव्हा टाकी अर्ध्याखाली नको. इलेक्ट्रिक गाडीचा पल्ला थंडीत आणि चढावर चांगलाच घटतो, ती ऑबर्न-रॉकलिनच्या आसपास भरून घ्यावी. क्विकमॅप हे कॅलट्रान्सचं अॅप सिग्नल असेपर्यंत बघत राहायचं. वर समिट ७,२०० फुटांवर आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाला निघालेल्या स्थलांतरितांचा डॉनर तांडा याच घाटाखाली अडकला होता. त्यामुळे गाडीत दशम्या, चटणी, पाणी आणि पांघरुणं ठेवणाऱ्याला कुणी हसू नये.

बूट आणि बोर्ड

भाड्याचं सामान डोंगरावर घेतलं तर शनिवारी सकाळी फॉर्म आणि रांग यांत तास-दीड तास जातो. म्हणून गुरुवारी संध्याकाळी इथल्याच दुकानातून घेतलं. डोंगरावर बूट बदलता येणार नाही एवढाच यात तोटा, तेव्हा बूट घरी अर्धा तास घालून बसा. बोर्ड जरा चुकला तरी दिवस निभतो. बूट चुकला तर नाही.

सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकली पाहिजेत. चवड्यावर उभं राहून टाच वर उचलायचा प्रयत्न करा. टाच बुटात उचलली गेली की बूट सैल आहे. अशा बुटात चवड्यावर जोर देऊनही बोर्ड वळत नाही. मोजा एकच, पातळ, पोटरीपर्यंत. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घालणं ही आपल्याकडची हमखास चूक. दोन्हींमध्ये घर्षण होऊन फोड येतात, पायाचं रक्त दाबलं जातं आणि उलट पाय जास्त गार पडतात.

बोर्ड उभा धरला की हनुवटी ते नाक यांच्यामध्ये यावा. नवशिक्याला हनुवटीकडचा आणि मऊ. उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं, म्हणून फॉर्मवर वजन लाजून कमी लिहू नका. अमेरिकी १०-११ च्या पुढचा बूट असेल तर रुंद बोर्ड मागा, नाहीतर वळताना बुटाचं टोक बर्फात घासतं.

कुठला पाय पुढे? मोज्यांवर फरशीवर धावत येऊन घसरा. जो पाय आपोआप पुढे जातो तो पुढचा. डावा पुढे म्हणजे रेग्युलर, उजवा पुढे म्हणजे गूफी. बाइंडिंगचा, म्हणजे बूट बोर्डला अडकवणाऱ्या पट्ट्यांचा, कोन नवशिक्याला पुढच्या पायाला १५ अंश आणि मागच्याला उणे ६ ते उणे १५ (उणे म्हणजे बोर्डच्या मागच्या टोकाकडे वळलेला) ठीक. दोन पायांतलं अंतर खांद्यांपेक्षा किंचित जास्त. बाइंडिंगच्या तबकडीचे चारही स्क्रू निघण्यापूर्वी एकदा पिळून बघा. भाड्याच्या बोर्डांत ते सैल सापडतात.

कपडे

सिएराचा बर्फ कोरडा नसतो. वादळं पॅसिफिकवरून ओल घेऊन येतात, तापमान शून्याच्या आसपास राहतं आणि पडतो तो जड, ओला बर्फ. इथले लोक त्याला सिएरा सिमेंट म्हणतात. त्यामुळे प्रश्न थंडीपेक्षा भिजण्याचा. जीन्स आणि सुती बनियन दोन्ही बाद. आत पॉलिएस्टर किंवा मेरिनो, मध्ये फ्लीस, वर जलरोधक जॅकेट-पँट. हेल्मेट सगळ्यांना. नवशिक्यांना मनगटाचे गार्ड आणि आतून घालायची पॅडवाली हाफपँट. नवशिक्या बोर्डरचं सर्वात जास्त मोडतं ते मनगट, आणि सर्वात जास्त शेकतं ते माकडहाड. गॉगल कपाळावर सरकवायचा नाही. घामाची वाफ आत जमते आणि मग दिवसभर धुकं. सनस्क्रीन हनुवटीखालीही लावा, ऊन बर्फावरून परत वर येतं.

लिफ्टचं कार्ड डाव्या खिशात एकटं. मोबाइल शेजारी असला तर गेट कार्ड वाचत नाही. मोबाइल आतल्या खिशात, अंगाच्या ऊबेत, नाहीतर बॅटरी पाहता पाहता बसते.

घर

ट्रकीत घर घेतलं. दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. एक, रस्त्यावरचा बर्फ सारणारा नांगर फिरला की ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध तयार होतो, तो सकाळी फावड्यानं फोडावा लागतो; वीस मिनिटं धरा. दुसरी, अस्वलं. गाडीत चिवड्याचा डबा ठेवलात तर दार उघडायला ती किल्ली मागत नाहीत. खाण्याचं सगळं घरात न्यायचं.

आणि डाळ. या उंचीवर पाणी ९३-९४ अंशांनाच उकळतं, तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. इन्स्टंट पॉट नेला. त्यातही नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लावला. मुगाची खिचडी त्यापेक्षा सोपी.

बर्फावर

नवशिक्यांचा क्रम बदलायचा नाही. आधी पुढचा पाय अडकवून सपाटीवर मागच्या पायानं ढकलत चालणं. मग दोन्ही पाय अडकवून टाचेच्या धारेवर, तोंड उताराकडे करून हळूहळू खाली घसरणं. मग तसंच डावी-उजवीकडे, झाडाचं पान पडतं तसं. मग हेच पाठ उताराकडे करून चवड्याच्या धारेवर. त्यानंतरच वळण. मित्रांनी शिकवायला जाऊ नये; शिकवणीत दोन तासांत जे होतं ते मित्राकडून दिवसभरात होत नाही, वर मैत्रीला ताण.

पडणं का होतं ते समजलं की निम्मं कमी होतं. बोर्ड सपाट ठेवून तिरकं जाताना उताराकडची धार बर्फात रुतते आणि अंग त्याच बाजूला फेकलं जातं. उपाय एकच: वजन कायम वरच्या, डोंगराकडच्या धारेवर, अगदी सपाट वाटणाऱ्या जागीसुद्धा. पडताना मुठी मिटा. पुढे पडलात तर गुडघे, मग कोपरापासूनचा हात. मागे पडलात तर हनुवटी छातीला लावून बसकण मारा. हात मागे टेकायचा नाही. टाचांवरून उठता येत नसेल तर पालथं होऊन गुडघ्यांवर या, चवड्यांवरून उठणं सोपं.

लिफ्टवरून उतरताना बोर्ड सरळ समोर, मागचा पाय दोन बाइंडिंगच्या मध्ये दाबून, नजर पुढे, आणि शेजाऱ्याचा हात धरायचा नाही. पडलात तर आधी रांगत बाजूला, हसणं नंतर.

सरावलेल्या दोघांसाठी: ताज्या बर्फात झाडांमध्ये गेलात तर एकमेकांच्या नजरेत राहा. सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली भुसभुशीत पोकळी असते, तीत डोकं खाली गेलं तर स्वतःहून निघता येत नाही. गळ्यात शिटी ठेवा. रिसॉर्टनं बांधलेल्या दोरीपलीकडे जायचं नाही, दोरी हिमकडे कोसळण्याच्या धोक्यासाठी असते. लांब सपाट वाटांवर आधीपासून वेग घ्या. स्कीवाल्यांसारख्या काठ्या आपल्याकडे नसतात.

अडीचनंतर सावली येते, वितळलेलं पुन्हा गोठतं आणि पाय थकलेले असतात. ‘आता शेवटची एक फेरी’ याच वेळी लोक मोडून घेतात. नवशिक्यांना आम्ही दोन्ही दिवस दोनला थांबवलं.

परत

रविवारी निघायच्या दोनच वेळा बऱ्या: दुपारी एकच्या आत, नाहीतर जेवून सातनंतर. चारला लिफ्ट बंद होताच निघालं की नकाशावर ट्रकीपासून सॅक्रामेंटोपर्यंत तुंबलेल्या रस्त्याची लाल रेघ. आम्ही सातला निघालो.

घरी आल्यावर बुटांचं आतलं अस्तर बाहेर काढून वेगळं वाळवा. हीटरवर ठेवलं तर फोम आकसतो. चेन साध्या पाण्यानं धुऊन अंथरा आणि पूर्ण वाळल्यावरच पिशवीत घाला. ओली भरलीत तर पुढच्या डिसेंबरात गंजलेला गोळा निघेल, आणि त्या वेळी तुम्ही अंधारात रस्त्याकडेला असाल.